प्रोब तुझ्या हातात, सही सरांची

वाचकाचं पत्र:

"मॅडम, नमस्कार. मी २७ वर्षांची आहे. बी.एस्सी. इमेजिंग टेक्नॉलॉजी केलंय. चार वर्षांपासून तालुक्याच्या गावी एका सोनोग्राफी आणि सीटी सेंटरमध्ये नोकरी करते. एक्स-रे आणि सीटी हे माझं काम. सरांची दोन सेंटर आहेत. सकाळी ते तिकडे असतात, आमच्याकडे संध्याकाळी येतात. पूर्वी पेशंटना तोवर थांबवून ठेवायचो. मग सरांनी मला हळूहळू सोनोग्राफी शिकवली. आधी केयूबी, म्हणजे मूत्रपिंड आणि मूत्राशय, मग पूर्ण पोट. गेल्या वर्षापासून गरोदर बायकांचे ग्रोथ स्कॅनही मीच करते. मापं मी घेते, रिपोर्ट मी टाइप करते, सर संध्याकाळी सही करतात. गरोदर बाईच्या प्रत्येक स्कॅनसाठी कायद्याने लागणारा फॉर्म एफ मी भरते, त्यावर सरांच्या सह्या आधीच करून ठेवलेल्या असतात. आमच्याकडे लिंगनिदान होत नाही, हे मी शपथेवर सांगते. पण मागच्या महिन्यात एका पेशंटच्या सासूने मला बाहेर गाठून हातात पाचशेची नोट कोंबली. मी परत केली, पण त्या दिवसापासून झोप उडाली आहे.

सर म्हणतात, 'नव्या मशीनमध्ये एआय आहे, मापं तेच घेतं. तू फक्त प्रोब धरतेस, घाबरतेस कशाला?' पगार १८ हजार आहे. बाबांच्या आजारपणात सरांनी खूप केलं, त्यामुळे तोंड उघडवत नाही. माझी मावसबहीण इंग्लंडला असते. ती सांगते, तिकडे डॉक्टर नसलेले सोनोग्राफरच स्कॅन करतात आणि सहीही स्वतःच करतात. मग मी करते ते चूक कसं? पगार वाढवून मागू की बाहेर जाऊ? उजवा खांदाही इतका दुखतो की रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. हे काम मला मनापासून आवडतं. काय करू?"

प्रिय मुली,

तुझ्या पत्रात चार-पाच प्रश्न आहेत. त्यातल्या एकाचं उत्तर थांबू शकत नाही, म्हणून ते आधी देते. उद्यापासून गरोदर बाईच्या पोटावर प्रोब ठेवू नकोस. पगार, इंग्लंड, सरांचे उपकार, या सगळ्याचा विचार आठवडाभर कर, महिनाभर कर. याला तेवढा वेळ नाही.

लिंगनिदान होत नाही हे तू शपथेवर सांगतेस, आणि माझा त्यावर विश्वास आहे. पण पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदानाला बंदी करणारा कायदा, लिंगनिदानापुरताच आहे अशी तुझी समजूत दिसते. त्याच्या तिसऱ्याच कलमात लिहिलंय की नियमांनी ठरवलेली पात्रता नसलेल्या व्यक्तीची सेवा केंद्राने घ्यायची नाही, पगार देऊन नाही आणि मानद म्हणूनही नाही. ती पात्रता म्हणजे सोनोग्राफीचं पदव्युत्तर शिक्षण किंवा ठरवून दिलेलं सहा महिन्यांचं प्रशिक्षण घेतलेला नोंदणीकृत डॉक्टर. २०१४ च्या नियमांनी हे प्रशिक्षण ३०० तासांचं केलं आणि शेवटी परीक्षा ठेवली. म्हणजे एमबीबीएस झालेल्या डॉक्टरलाही नुसतं कुणाच्या शेजारी बसून शिकलो एवढ्यावर प्रोब हातात घेता येत नाही. तुला सरांनी कितीही मन लावून शिकवलं असलं, तरी कायद्याच्या हिशेबी ते शिक्षणच नाही.

आता तेविसावं कलम. शिक्षा फक्त डॉक्टरला होते असं सेंटरमधल्या मुलामुलींना वाटत असतं, तुलाही वाटत असणार. त्या कलमात केंद्राचा मालक आहे, डॉक्टर आहे, आणि केंद्रात नोकरीला असून व्यावसायिक किंवा तांत्रिक सेवा देणारी व्यक्तीही आहे. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र, आपसात मिटवता न येणारा. आणि मशीन सील झालं की चौकशीत पहिला प्रश्न येतो तो अमुक वेळी स्कॅन कुणी केला हा. सरांच्या दोन्ही सेंटरमधल्या त्यांच्या वेळा नोंदणीच्या कागदांत लिहिलेल्या असतात, २०१२ च्या दुरुस्तीपासून तसं बंधन आहे. सकाळी अकराच्या स्कॅनवर त्यांची सही आणि अकरा वाजता ते दुसऱ्या गावात, हे जुळवून पाहायला तपासणी पथकाला फार डोकं लावावं लागत नाही.

फॉर्म एफचं तू एका ओळीत उरकलंस. माझ्या मते तुझ्या पत्रातली सगळ्यात गंभीर ओळ तीच आहे. त्या फॉर्मच्या शेवटी दोन प्रतिज्ञा असतात. एक गरोदर बाईची, की मला बाळाचं लिंग जाणून घ्यायचं नाही. दुसरी सोनोग्राफी करणाऱ्याची, की ही तपासणी करताना मी गर्भाचं लिंग पाहिलेलं नाही आणि कुणाला कोणत्याही प्रकारे सांगितलेलं नाही. ही दुसरी प्रतिज्ञा ज्याने तपासणी केली त्याची आहे. तपासणी तू करतेस आणि प्रतिज्ञा सर करतात, तीही बाई दारात यायच्या आधी. एवढ्या एका सहीने आख्खा फॉर्म खोटा ठरतो. कायद्याच्या चौथ्या कलमात तर असं आहे की नोंदींत त्रुटी किंवा चूक सापडली, तर उलट सिद्ध होईपर्यंत ती कायद्याचं उल्लंघनच मानली जाईल. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, फॉग्सीने, याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली होती. ३ मे २०१९ ला न्यायालयाने ती तरतूद कायम ठेवली. नुसतं कारकुनी काम म्हणून या फॉर्मकडे बघता येत नाही, असाच त्या निकालाचा सूर होता.

एखाद्या रकान्यात पत्ता अर्धवट राहिला म्हणून मशीन सील झालेले प्रामाणिक डॉक्टर मला माहीत आहेत, आणि त्यांची तक्रार मला खोटी वाटत नाही. लिहिण्यातली चूक आणि गर्भातल्या मुलीचा सौदा यांना एकाच तराजूत तोलू नये, असं मीही बोलत आले आहे. पण आधीच सह्या करून ठेवलेल्या गठ्ठ्याला त्या तक्रारीची ढाल करता येणार नाही.

कायदा एवढा कडक का, हे तुझ्या पिढीला कुणी नीट सांगितलेलं नसतं. भिंतीवर पाटी असते, 'येथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही', आणि ती लावायची असते म्हणून लावलेली असते. महाराष्ट्राने १९८८ मध्ये याविषयी कायदा केला, देशात सगळ्यांच्या आधी. केंद्राचा कायदा १९९४ चा, लागू झाला १ जानेवारी १९९६ पासून. तो कागदावरच राहिला म्हणून मुंबईची सेहत, पुण्याची मासूम या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज २००० साली सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २००३ मध्ये दुरुस्ती होऊन सोनोग्राफी मशीनवरची पकड घट्ट झाली. तरीही आपल्या राज्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुली १९९१ ला ९४६ होत्या, त्या २००१ ला ९१३ झाल्या आणि २०११ ला ८९४. बीड जिल्ह्यात त्या वर्षी ८०७. हे आकडे मशीनने घडवलेले नाहीत. मशीन चालवणाऱ्यांनी घडवले, आणि त्यात शिकलेले, प्रतिष्ठित लोक होते.

ती पाचशेची नोट याच गोष्टीचा भाग आहे. त्या सासूला कळलं होतं की पडदा तू बघतेस. गावात एकीला कळलं म्हणजे दहाजणींना कळलं. उद्या एखादीने घरी खोटंच सांगितलं, 'तिथल्या बाईने मला खूण केली', तर? शब्दाने, खुणेने किंवा इतर कुठल्याही प्रकारे सांगणं, सगळं कायद्याने सारखंच आहे. आणि तू नाही म्हणालीस हे सांगायला साक्षीला कुणी नसेल. तुझी झोप उडाली, हे बरं झालं असं मी म्हणेन.

आता तुझा खरा प्रश्न. तो कायद्याच्या पलीकडचा आहे. हात चांगला असेल, मापं बरोबर येत असतील, तर चूक कुठे आहे?

सीटी तू रोज करतेस, तिथूनच बघ. सीटीत तू पेशंटला नीट झोपवलंस, प्रोटोकॉल बरोबर लावलास, की पोटाचा प्रत्येक काप साठवला जातो. रेडिओलॉजिस्ट तो संध्याकाळी बघो की दुसऱ्या शहरात बसून बघो, तू जे घेतलंस ते सगळं त्याच्यासमोर असतं. सोनोग्राफीत तसं नसतं. पित्ताशयात पांढरा ठिपका दिसला, तर तू पेशंटला डाव्या कुशीवर वळवतेस. ठिपका घरंगळला आणि मागे काळी सावली पडली तर खडा, जागचा हलला नाही तर पॉलिपचा विचार. हे ठरतं त्या अर्ध्या मिनिटात, तुझ्या डोळ्यांसमोर. अपेंडिक्सवर प्रोब दाबत नेताना ते दबतं की नाही, पेशंट नेमका कुठे कळवळतो, हे फोटोत येत नाही. सरांच्या पुढ्यात संध्याकाळी येतात तू गोठवलेली पंधरा-वीस चित्रं, आणि तीही तुला जे महत्त्वाचं वाटलं तेवढ्याचीच. तुझ्या नजरेतून जे सुटलं त्याचा फोटोच नसतो, आणि नसलेला फोटो कुणालाही वाचता येत नाही. म्हणून सोनोग्राफीत ज्याचा हात प्रोबवर, निदान त्याचंच. सही कुणाचीही असो. आपल्या विषयातली बहुतेक भांडणं, कायद्याची, पगाराची, प्रतिष्ठेची, माझ्या मते या एका गोष्टीपाशी येऊन थांबतात.

याचा एक अर्थ असा की तू 'फक्त प्रोब धरते' हे सरांचं म्हणणं चूक आहे. तू निदान करतेस, आणि ते कौशल्य खरं आहे. दुसरा अर्थ तुला आवडणार नाही. एखाद्या बाईच्या बाळाची वाढ खुंटली असेल आणि तुझ्या नजरेतून ती सुटली, तर ती तूच सोडलेली असेल, आणि त्या बाईला तुझं नावही माहीत नसेल. आपल्याला डॉक्टरने तपासलं, असंच ती घरी सांगेल. तिची ही फसवणूक आहे. तिने पैसे भरले ते डॉक्टरच्या तपासणीचे.

एआयबद्दल सर म्हणतात त्यातलं अर्धं खरं आहे. नवी मशीन डोक्याचा घेर, पोटाचा घेर, मांडीच्या हाडाची लांबी आपोआप मोजतात आणि बऱ्यापैकी नेमकी मोजतात. पण पडद्यावर तू जे आणलंस तेच ती मोजतात. डोक्याच्या घेरासाठी मधली रेषा, थॅलॅमस आणि पुढचं कॅव्हम, म्हणजे मेंदूतली द्रवाची छोटी पोकळी, दिसायला हवं, लहान मेंदू दिसता कामा नये. पोटाच्या घेराला जठर हवं, नाभीच्या शिरेचा आतला तुकडा हवा, आणि काप गोल हवा. काप तिरका गेला तर मशीन तिरक्या कापाचं अचूक माप देतं. आकडा सुबक दिसतो, वाढीच्या आलेखात छान बसतो, आणि अडीच किलोचं वाटलेलं बाळ जन्मतः दोन किलोचं निघतं. लायकर, म्हणजे बाळाभोवतीचं पाणी, कमी आहे का, नाळेतला रक्तप्रवाह दाखवणाऱ्या डॉपलरमध्ये डायस्टोलचा, म्हणजे दोन ठोक्यांमधला, प्रवाह नाहीसा झालाय का, आज दाखल करायचं की आठवड्याने बोलवायचं, यातलं काही स्वयंचलित कॅलिपरच्या हाती नाही.

प्रोब कुठे हलवायचा ते सांगणारी सॉफ्टवेअरही आली आहेत. हृदयाची चित्रं घ्यायला मार्गदर्शन करणाऱ्या अशा एका प्रणालीला अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२० मध्ये परवानगी दिली. खिशात मावणारे, मोबाइलला जोडायचे प्रोबही बाजारात आहेत. या यंत्रांनी पुढे खूप काही बदलेल, आणि खेड्यापाड्यांसाठी ते बदलावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. पण आजच्या घडीला खिशातलं मशीनही पीसीपीएनडीटीखाली नोंदवावंच लागतं, आणि पोर्टेबल मशीन नोंदणीकृत जागेतल्या दाखल रुग्णांसाठी किंवा फिरत्या वैद्यकीय पथकातच वापरता येतं. उद्या सर असं यंत्र घेऊन आले आणि तुला कॅम्पला जा म्हणाले, तर याच कारणाने नाही म्हण.

तुझी मावसबहीण सांगते ते खरं आहे. ब्रिटनमध्ये गरोदरपणातले नेहमीचे स्कॅन आणि पोटाचेही बहुतेक स्कॅन सोनोग्राफर करतात. रिपोर्ट स्वतः लिहितात, स्वतःच्या नावाने. ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेत सोनोग्राफर हा वेगळा, मोठा व्यवसाय आहे. स्वीडनमध्ये गरोदरपणातला नेहमीचा स्कॅन सुईणी करतात. डॉक्टर नसलेल्या माणसाला सोनोग्राफी जमत नाही, असं म्हणणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंना मी याच देशांची उदाहरणं देते.

पण तिथे त्या सहीभोवती काय काय आहे तेही बघ. ब्रिटनमध्ये साधारणपणे रेडिओग्राफर, म्हणजे एक्स-रे, सीटी काढणारा तंत्रज्ञ, आधी एचसीपीसी या वैधानिक परिषदेकडे नोंदणी करतो, मग केस या संस्थेची मान्यता असलेला पदव्युत्तर अल्ट्रासाउंड अभ्यासक्रम करतो, रुग्णालयात देखरेखीखाली स्कॅन करत. गर्भाच्या मानेमागचा द्रव मोजणाऱ्या सोनोग्राफरची मापं राष्ट्रीय पातळीवर दर सहा महिन्यांनी तपासली जातात. ती सतत कमी किंवा सतत जास्त येत असतील, तर त्याच्या नावापुढे लाल शेरा लागतो आणि त्याला सुधारणा दाखवावी लागते. चूक झाली तर कुणाच्या हाताने झाली, हे कागदावर असतं. तुझ्या सेंटरमध्ये नेमकं हेच नाही.

तिथेही सगळं आलबेल नाही हे जाताजाता सांगते. रेडिओग्राफर ही ब्रिटनमध्ये कायद्याने संरक्षित उपाधी आहे, सोनोग्राफर अजून नाही. थेट अल्ट्रासाउंडच्या पदवीतून आलेल्यांना एचसीपीसीची नोंदणीच मिळत नाही, त्यांना ऐच्छिक नोंदवहीवर भागवावं लागतं. सोनोग्राफरची टंचाई वर्षानुवर्षं आहे, त्यामुळे एकेकाच्या यादीत पेशंटची गर्दी असते. जायचं तर हे ठाऊक असू दे.

आपल्याकडे काय व्हायला हवं, याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. रेडिओलॉजिस्ट शहरांत दाटले आहेत आणि तालुक्याच्या गावी पेशंट संध्याकाळपर्यंत उपाशी बसून राहतात. गरोदरपणाशी संबंध नसलेल्या तपासण्यांसाठी पूर्ण वेळ शिकलेले, परीक्षा दिलेले, नोंदणी असलेले सोनोग्राफर हवेत, आणि त्यांनी डॉक्टरच्या हाकेच्या अंतरावर काम करावं. २०२१ च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्याच्या परिशिष्टात इमेजिंगच्या व्यवसायांमध्ये डायग्नोस्टिक मेडिकल सोनोग्राफर हे नाव आलेलं आहे. पण पीसीपीएनडीटीचे नियम जागच्या जागी आहेत. नाव आलं म्हणजे परवानगी आली, असा अर्थ कुणी तुला लावून दाखवला तर ऐकू नकोस. बदल व्हायचा तो कायद्याच्या दारातून व्हावा. तुझ्यासारख्या मुलींना मागच्या दाराने वापरून घेतल्याने तो आणखी लांबतो, कारण एक केंद्र सील झालं की सगळ्यांचंच नाव खराब होतं.

तर सरांशी बोलायचं. त्यांनी बाबांच्या आजारपणात केलं ते खरंच मोठं आहे, आणि ते विसरू नकोस. पण त्या उपकाराची फेड तुझ्या तुरुंगवासाच्या भीतीने करायची नसते. तू आज बोललीस तर त्यांचंही भलं होईल. आरोप निश्चित झाले की वैद्यकीय परिषद डॉक्टरची नोंदणी निलंबित करू शकते, आणि दोषी ठरल्यावर पहिल्या गुन्ह्याला ती पाच वर्षं रद्द होते. संध्याकाळी पेशंट संपल्यावर, दार लावून, एकटीने बोल. भाषा साधी ठेव: "सर, तुम्ही मला शिकवलंत, त्याची मला किंमत आहे. पण कायद्याने हे मला करता येत नाही. उद्यापासून मी प्रेग्नन्सीचे स्कॅन करणार नाही आणि सही केलेल्या फॉर्मवर काही लिहिणार नाही. तुम्ही असाल तेव्हा पेशंट घेऊ. वेळा लावायचं, पेशंटना समजावायचं काम माझं." आरोप करू नकोस, मागचं उकरू नकोस. दुसऱ्या दिवशी हेच दोन ओळींत त्यांना ईमेल किंवा व्हॉट्सअॅप कर, अदबीने, तारखेसह. पगारवाढीचा विषय यात आणू नकोस. त्या दोन गोष्टी एकत्र आल्या की जास्त पैशांत तू तयार होशील असा अर्थ निघतो.

केयूबी आणि पोटाचे स्कॅनही डॉक्टर खोलीत नसताना बंद कर. गर्भ नाही म्हणून ते चालतात, असं नाही. रिपोर्टवरची सही तिथेही न पाहिलेल्याची सही असते, आणि पोटाच्या स्कॅनला आलेली बाई गरोदर निघू शकते. पेशंटची तयारी, नोंदी, मशीनची निगा, सर स्कॅन करत असताना मापं लिहून घेणं, हे बिनधास्त कर.

सर ऐकतील अशी मला आशा आहे. नाही ऐकलं, 'सगळीकडे असंच चालतं' म्हणाले, तर राजीनामा दे. घाईत पेशंटचे रिपोर्ट किंवा फॉर्म मोबाइलवर काढून नेऊ नकोस, ती त्या बायकांची खासगी माहिती आहे. आजवर झालं त्याबद्दल मात्र एखाद्या वकिलाला भेट, पीसीपीएनडीटीच्या केसेस पाहणाऱ्या. तुझी बाजू नेमकी कशी मांडायची हे पत्रातून मी ठरवू शकत नाही. आणि तिथे कधी लिंग सांगितलं जाताना तुझ्या कानावर आलं, तर गप्प बसायचं नाही. जिल्हा शल्यचिकित्सकांकडे किंवा राज्याच्या 'आमची मुलगी' संकेतस्थळावर तक्रार करता येते.

पुढचं काम. सीटी तुझ्या हातात आहे, ही मोठी जमेची बाजू. जिल्ह्याच्या किंवा मोठ्या शहरातल्या रुग्णालयात सीटी-एमआरआय टेक्नॉलॉजिस्ट म्हणून अर्ज कर. एमआरआय येत नसेल तर तिथे शीक. इंग्लंडचा विचार असेल तर रस्ता असा आहे: आधी एचसीपीसीकडे डायग्नोस्टिक रेडिओग्राफर म्हणून नोंदणी, त्यासाठी इंग्रजीची परीक्षा, मग तिथल्या रुग्णालयात रेडिओग्राफरची नोकरी, आणि त्यानंतर अल्ट्रासाउंडचं प्रशिक्षण. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या वेतनश्रेणींत नोकरीची सुरुवात बँड ५ पासून होते, पात्र सोनोग्राफर सहसा बँड ७ वर असतो. सगळं धरून काही वर्षं आणि बराच पैसा लागतो. एजंटने थेट सोनोग्राफरची नोकरी देतो म्हटलं, तर एक पैसाही देऊ नकोस. या रस्त्यावर तुझे एक्स-रे आणि सीटी मोजले जातील. सोनोग्राफीचे तू केलेले शेकडो स्कॅन मोजले जाणार नाहीत, कारण कुठल्याही कागदावर ते तुझे नाहीत. ते अनुभव म्हणून लिहिलेस तर सरांना त्यावर सही द्यावी लागेल, आणि ती सही म्हणजे कबुलीजबाब. तेव्हा तसा दाखला मागू नकोस, अर्जातही लिहू नकोस. नजर तयार झाली आहे ती तुझ्यापाशी राहील आणि प्रशिक्षणात पहिल्या महिन्यातच दिसेल.

खांद्याकडे दुर्लक्ष करू नकोस. हा आपल्या व्यवसायाचा आजार आहे. अमेरिका, कॅनडा, ब्रिटनमधल्या पाहण्यांत दहापैकी आठ-नऊ सोनोग्राफर दुखणं अंगावर घेऊन काम करताना आढळले आहेत. खांदा, मान आणि मनगट. आपल्याकडे याबद्दल कुणी बोलत नाही, मशीन लाखोंचं घेतात आणि स्टूल मात्र प्लॅस्टिकचं असतं. त्या कुशीवर झोपता येत नाही म्हणजे स्नायूबंधाला सूज असण्याची शक्यता आहे, तेव्हा अस्थिरोगतज्ज्ञांना दाखव आणि फिजिओथेरपी सुरू कर. पुढे कधी, कुठल्याही देशात, प्रोब हातात घेशील तेव्हा पेशंटला टेबलाच्या तुझ्याकडच्या कडेला ओढून घे, म्हणजे कोपर शरीरालगत राहील. दंड ३० अंशांच्या वर उचललेला राहू देऊ नकोस, हाताखाली घडी केलेला टॉवेल ठेव, प्रोब मुठीत आवळू नकोस, पडदा डोळ्यांच्या रेषेत आण. जाड बाईचं पोट बघताना आपण सगळी ताकद खांद्यातून लावतो. टेबल खाली घेऊन अंगाचं वजन वापर. एक्स-रेमध्ये पेशंट उचलतानाही मदतीला कुणाला तरी हाक मार, हिंमत दाखवायला जाऊ नकोस.

आणखी एक काम राजीनाम्याआधी उरकून घे. विद्यापीठाकडून तुझ्या पदवीचा पूर्ण अभ्यासक्रम, तासांसकट, शिक्का मारून मागव. परदेशात असो की इथे, तुझं शिक्षण तपासणारा कुणीही आधी तोच मागेल, आणि आपल्याकडे तो मिळायला महिने लागतात. नेमणूकपत्र, चार वर्षांच्या पगाराच्या स्लिपा आणि एक्स-रे, सीटीच्या अनुभवाचं प्रमाणपत्रही आताच घे, सरांशी संबंध चांगले आहेत तोवर. त्या प्रमाणपत्रात सोनोग्राफी हा शब्द येणार नाही, हे सही घ्यायच्या आधी नीट वाचून बघ.